नदीपल्याडची सारस

आमचे हे गाण्यात कधी खोटं बोलले नाहीत. एकदाच बोलले, आणि तेही मी भांडभांड भांडले म्हणून. ती गोष्ट मला बसून सांगताच येत नाही. उठून, हातवारे करूनच सांगावी लागते.

गाण्याबाहेर मात्र सगळा आनंद होता. नांगर अर्ध्यात सोडून सुगरणीचा खोपा बघत बसले, की मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगायचे की बैल लंगडत होता. माझ्या बांगड्या आणायला विसरले, की दुकान बंद होतं. बांगडीवाला आमच्या शेजारच्याच घरात राहतो, हेही त्यांना खोटं बोलताना आठवत नसे.

गाण्यात हाच माणूस बदलून जायचा. शेजारच्या एका गावातल्या दंडारवाल्यांनी त्यांना गाणं करून मागितलं. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, होतो. नायिकेच्या केसात केवडा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणाले, "आपल्या इकडं केवडा कुठी हाये जी? मोहाचं फूल घाला." ते म्हणाले, "मोहाचं फूल घालून कोनती नायिका येते?" "मंग नायिका काढून टाका," असं म्हणून हे उठले. त्यांच्या घरात झिंग्याचा रस्सा रटरटत होता, आणि हे उपाशी घरी आले. मला केवड्याचं काही नाही, त्या झिंग्यांचं फार वाईट वाटलं.

मी चिखल्याची. वडील मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली उतरणारे. खाणीच्या कॉलनीत ट्रकांचा धुरळा खात आणि नळाच्या रांगेत भांडत मी मोठी झाले. झाड म्हटलं की मला सरपण दिसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालो तर नाकाडोंगरीच्या जंगलाजवळ बस बिघडली. सगळी बस ड्रायव्हरला शिव्या देत होती, आणि हे मला टेंभुर्णीखाली बसवून कोणता पक्षी कोणाला हाक मारतो ते सांगत होते. "मले तहान लागली जी," मी चिडून म्हटलं. तर पळसाच्या पानाचा द्रोण करून कुठूनसं पाणी घेऊन आले आणि त्या पाण्यावर तिथल्या तिथं दोन ओळी केल्या. पाणी गढूळ होतं. ओळींतही ते गढूळच होतं. नवी नवरी समोर बसलेली असताना कोणीही त्याचं अमृत करून टाकलं असतं.

गाणं ते लिहून ठेवत नसत. बायांच्या तोंडी बसलं तर ते गाणं, नाही बसलं तर बडबड, असा त्यांचा हिशेब. बायांच्या तोंडी म्हणजे रोवण्याच्या ओळीत. आमच्याकडे धानाची रोपं, त्यांना परे म्हणतात, ते उपटून चिखलात रोवायचं काम बायांचं. ओळ धरायची, कमरेत वाकायचं आणि रोवत रोवत मागं सरकायचं. दिवसभर वाकून पाठीचा पार भुगा होतो, म्हणून गायचं. मीही लग्नानंतर याच ओळीत शिकले. आज इथं, उद्या दुसऱ्याच्या शेतात, परवा दुसऱ्या गावात, अशा बाया फिरतात आणि त्यांच्यासोबत गाणं फिरतं. आमच्या ओळीची म्होरकी एक बुडी होती. तोंडात दात नव्हता, पण आवाज असा की तलावाच्या पाळीवरची म्हैस मान वळवून बघे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. रोवणे नुकतेच सुरू झाले होते. सकाळी मी कणीक मळत होते, तर हे कमरेपर्यंत भिजलेले, धावत अंगणात आले. मला वाटलं साप चावला.

"अवो, चाल! चाल लवकर!"

"कायले? हात भरले माहे."

"तसेच भरलेले घेऊन चाल!"

आमच्या गावतलावाच्या सांडव्याखाली आमची सगळ्यात धाकटी बांधी होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. तिथलं पाणी हटत नसे, कोपऱ्यात लव्हाळं माजलेलं असे. त्या लव्हाळ्यात, पाण्याच्या मधोमध, गवताचा आणि उपटलेल्या पऱ्यांचा मोठा ढीग रचलेला, आणि त्यावर सारस बसलेली! नर बाजूला उभा. माझ्याएवढा उंच पक्षी, अंग राखाडी, डोकं आणि गळा लालभडक. मादी उठली, तिच्या पायांत दोन पांढुरकी अंडी दिसली. मग दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आणि अशी हाक दिली की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नराची एक लांब हाक, आणि तिच्यावर मादीच्या दोन तोकड्या हाका. मी, झाडाला सरपण म्हणणारी, हातावरची कणीक वाळेपर्यंत तिथं उभी राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि हे माझ्याकडे असे बघत होते जणू ती अंडी ह्यांनीच घातली आहेत.

मामाजींना मात्र उपटलेले परे दिसले. माणूस सरळ, पण धानापुढे देवाचंही ऐकायचे नाहीत. ह्यांनी खूप आर्जवं केली. शेवटी मामाजी म्हणाले, "ठीक हाये. थो कोपरा सोडला पाखराले. पन लोकायचे पाय माह्या धुऱ्यावर पडले, परे तुडवले, त मी माह्या हातानं थे घरटं उचलून फेकीन. मंग माह्या तोंडाले लागू नोका." आणि मामाजी बोलले की करायचे. एकदा आंब्याच्या सावलीवरून शेजाऱ्याशी वाद झाला, तर दुसऱ्या दिवशी आपलाच आंबा तोडून मोकळे झाले होते.

इतकं बघून आमचे हे गप्प बसणार? संध्याकाळपर्यंत गाणं तयार.

सांडव्याच्या खाली बाई, आमच्या धाकल्या बांधीत,
सारसीनं घर केलं, दोन अंडे तिच्या मांडीत.

पुढे लव्हाळं होतं, नराची राखण होती, लाल गळा होता. सगळं जसं होतं तसं. चाल इतकी गोड की म्होरक्या बुडीनं दुसऱ्यांदाच ऐकून उचलली. आमची ओळ गाऊ लागली, मग बाजूच्या शेतातली. बाया दुसऱ्या गावांना रोवायला गेल्या आणि गाणं त्यांच्या आधी पोचलं म्हणा ना! आठवडाही झाला नसेल, चिखल्याहून माझा भाऊ आला तो हेच गुणगुणत आला. हे तर हवेत. जेवताना पाटावर बोटांनी ठेका धरायचे आणि भात निवून जायचा.

मग माणसं यायला लागली.

पत्ता विचारायचीही गरज नव्हती, तो गाण्यातच होता. खाणीतली पाळी सुटली की चिखल्याची जवान पोरं सायकली मारत यायची. नाकाडोंगरीकडून बैलबंडीत बाया-लेकरं, डब्यात पोहे घेऊन. धुऱ्यावर उभे राहायचे, पुढच्यामुळं दिसत नाही म्हणून मागचा बांधीत उतरायचा. नर पंख फुगवून अंगावर धावला की टाळ्या. मादी अंडी सोडून लांब जाऊन उभी राहायची आणि वर कावळे घिरट्या घालायचे. एका दुपारी मी विळा घेऊन धावले आणि माझ्या माहेरच्या माणसांनाच असल्या शिव्या हासडल्या की विचारू नका. ती पळाली, पण दुसऱ्या दिवशी दुसरी आली.

लोकांनी तुडवलेले परे मामाजींनी आणून अंगणात टाकले. ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत पाह्यतो." बाजार सहा दिवसांवर होता.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "दुसरं गानं करा. त्यात घरटं दुसरीकडं ठेवा."

"म्हंजे खोटं?"

"हो, खोटं."

"मी गान्यात खोटं नाई बोलत."

"बांगडीवाल्याचं दुकान बंद होतं, थे काय होतं?"

"थे दुकान होतं वो. हे गानं हाये."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या खऱ्यापायी दोन अंडे जाऊन राहिले! घरटं गेलं, कावळ्यायनं अंडे फोडले, मंग काय कराल? कावळ्याचं खरं गानं कराल?"

त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, जरा जास्तच झालं. पण मी माघार घेतली नाही. ते चप्पल घालून बाहेर पडले आणि त्या दिवशी घरी आले नाहीत. मामाजी म्हणाले, "गेला असन झाडं मोजाले." मी भाकऱ्या थापत होते आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे चमकत होते. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "बपेऱ्याले गेलतो, नदीच्या घाटावर. नदी दोन्ही काठ सोडून वाहून राहिली. नाव बंद हाये. पान्याचा जोर उतरेपर्यंत पल्याड कोनी जात नाई."

"मंग?"

"मंग आयक."

नदीच्या पल्याड बाई, जिथं नाव नाई जात,
सारसीनं घर केलं, पूर राखते दिनरात.

मी टाळ्याच पिटल्या! जिथं कोणी जाऊच शकत नाही, तिथं घरटं! बघायला जाणार कोण? आणि चाल तीच, दुसऱ्या ओळीची सुरुवात तीच, म्हणजे जुनं गाणारीच्या तोंडात नवं आपोआप सरकलं पाहिजे. हे मात्र हसत नव्हते. त्या खोट्या ओळी म्हणताना त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, मी बघितलं.

पण एक अडचण होतीच. जुनं गाणं गोड होतं आणि गळ्यात बसलेलं होतं. ते सोडून बाया नवं कशाला घेतील? आम्ही दोघं विचार करत बसलो. माझी कंबर दुखत होती, मी उठून पाठ मागं ताणली आणि सहज म्हटलं, "गानं कोनतंई राहो जी, मधात पाठ सरळ कराले भेटली त बायका त्येच म्हनतीन."

हे उडालेच. "काय म्हनली? पुन्हा म्हन!"

असं जमलं ते. प्रत्येक दोन ओळींनंतर ओळीतल्या बायांनी उभं राहायचं. अर्ध्यांनी नराची हाक द्यायची, एक लांब. उरलेल्यांनी मादीची, दोन तोकड्या. मान वर, पाठ ताठ, मग पुन्हा वाकायचं. हाका अगदी सारसांसारख्याच आल्या पाहिजेत म्हणून ह्यांनी आम्हा सगळ्यांना धुऱ्यावर उभं करून इतकं घोटवलं की बुडी म्हणाली, "अजी, मी बुडी हावो का सारस?" मी कानात विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "घरटं खोटं हाये. हाक त खरी राहू दे."

ओळीतल्या बायांना खरं-खोटं सगळं सांगितलं. त्यांनी सारस बघितली होती, मामाजींनाही ओळखत होत्या. बुडीनं चिखलाच्या हातानं पदर खोचला आणि म्हणाली, "आता सांडव्याचं नाव जिनं काढलं, तिले मी माह्या ओळीत नाई घेत." झालं!

आणि काय धावलं हो ते गाणं! पाठ सरळ करायची अशी सोय कोणत्या गाण्यानं दिली होती आजवर? शेतमालक ओरडला तर बाया म्हणायच्या, गाणंच तसं आहे. जिकडे जावं तिकडे हिरव्या बांध्यांत बाया एकदम उभ्या राहताहेत, हाका देताहेत, पुन्हा वाकताहेत. जुन्या ओळी कोणाला आठवेनाशा झाल्या. आमच्या धुऱ्यावरची गर्दी कमी झाली, मग थांबली. लोक बपेऱ्याच्या घाटावर जाऊन पुराच्या पाण्यापलीकडे टक लावून उभे राहू लागले. माझा भाऊ तिथून सरळ आमच्याकडे आला. "दिसली वो बाई!" मला म्हणाला. "पल्याड, झाडीत. लाल डोकं." मी त्याला चहा दिला आणि पदर तोंडात कोंबून आत पळाले.

बाजाराचा दिवस आला. मामाजी सकाळीच धाकट्या बांधीकडे गेले. मी मागून गेले. तिथं कोणी नव्हतं, फक्त एक चुकार सायकलवाला धुऱ्याकडे वळत होता. मामाजी त्याच्यावर खेकसले, "इथं काय हाये? थे सारस नदीपल्याड हाये, गानं आयकलं नाई का?" सायकलवाला ओशाळून गेला. मामाजींनी माझ्याकडे वळून बघितलं आणि धोतर झटकत बाजाराला निघून गेले. मला असं झालं की त्यांच्या पायाच पडावं.

अंडी फुटली, दोन्ही! तांबूस पिल्लं, पाय नुसते काड्या, आईच्या मागं पाण्यात धडपडत निघालेली. हे धुऱ्याआड पोटावर पडून बघत होते, मीही त्यांच्या बाजूला पडले होते, अंगभर चिखल.

मग दिवाळी झाली, आमच्या गावची मंडई आली. भर दुपारी मैदान माणसांनी फुललं. पाळणे, मुरमुरे, पिपाण्या आणि मधोमध दंडारीचा फड. बपेऱ्याचे, चिखल्याचे, नाकाडोंगरीचे, सगळे आलेले. एकच ओरडा, "सारसीचं! सारसीचं होऊ द्या!" लोकांनी ह्यांना धरून वर चढवलं. मी बायांत बसले होते. एवढ्या लोकांना आपल्या माणसाचं गाणं हवंय, माझा ऊर भरून आला होता.

हे उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मी समजले. पिल्लं मोठी झाली होती, घरटं रिकामं होतं. आता कोणाचं काय बिघडतं, असं त्यांना वाटलं असणार. इतके महिने तो खोटेपणा गळ्यात अडकला होता, तो त्यांना गावासमोर काढून टाकायचा होता. त्यांनी डोळे मिटले आणि उचललं, "सांडव्याच्या खाली बाई..."

"चुकलं!" गर्दीतून कोणी ओरडलं.

"अजी, नदीच्या पल्याड म्हना!"

बपेऱ्याचा एक माणूस उभा राहिला. "आमच्या नदीपल्याडचं गानं हाये थे. मी सोता पाह्यली सारस. तुमी आपल्या मनचं काय लावून राहिले?" सगळे हसले. ज्यानं गाणं केलं, त्यालाच लोक गाणं शिकवत होते! ह्यांचे कान लाल झाले. ते हट्टानं पुन्हा म्हणाले, "आयका त खरं. सांडव्याच्या खाली..." या वेळी हसणं थोडं कमी झालं. माझ्या पुढचीनं मान वळवून विचारलं, "काहून वो, तुमच्या सांडव्याखाली खरंच होती का?"

सारस घर बदलत नाही, मला ह्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या पावसात ती दोघं त्याच लव्हाळ्यात येणार होती. आणि मामाजी तिथंच, पहिल्या ओळीत बसलेले.

मी उठले. आमच्या गावात सून मंडईत सासऱ्यासमोर उभी राहत नाही, गाणं तर सोडाच. मला तेव्हा काही सुचलंच नाही. मी पदर खोचला आणि जीव तोडून ओरडले, "नदीच्या पल्याड बाई, जिथं नाव नाई जात!" माझ्या मागून बुडी उठली, मग आमची सगळी ओळ, मग दुसऱ्या गावांच्या ओळी. हाकेची वेळ आली तशी मैदानातल्या सगळ्या बाया ताठ उभ्या, एक लांब, दोन तोकड्या! वाकलेलं कोणी नव्हतं, तरी पाठी ताणल्या. मग पुरुषही हाका द्यायला लागले. मामाजी खाली मान घालून गुडघ्यावर ठेका धरून होते.

हे वर एकटे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग हात उचलून आमच्या सुरात मिसळले, आणि सगळं गाणं शेवटपर्यंत म्हणाले, नदीपल्याडचं.

घरी येताना ते पुढं पुढं चालत होते. मला वाटलं, रागावले. तलावाच्या पाळीवर आले तेव्हा म्हणाले, "माहं गानं माह्याजवळ राहिलं नाई वो."

"वाईट वाटून राहिलं का?"

"हो," ते म्हणाले. "लय वाईट वाटून राहिलं." मी त्यांचा हात धरला. गावातल्या लोकांनी बघितलं असेल तर बघू दे, मला त्या दिवशी कशाचंच काही वाटत नव्हतं.

पुढच्या आषाढात जोडी आली. त्याच कोपऱ्यात, त्याच लव्हाळ्यात. आम्ही दोघं धुऱ्यावर उभे होतो, नरानं लांब हाक दिली, मादीनं दोन तोकड्या. ह्यांचे ओठ हलले, बोटांनी मांडीवर ठेका धरला. आता हे पुन्हा खरं गाणं करतात की काय, असं मला झालं. मग त्यांनी ती बोटं मिटली, खाली वाकून धुऱ्याचं फुटलेलं तोंड चिखलानं बुजवलं, आणि नांगर सोडला होता तिकडे निघून गेले.